बेरजेच्या चिन्हाशेजारची रिकामी जागा



आधी या दोन ओळी बघा.

एकूण=किंमत*नग-सूट+भाडे

एकूण = किंमत*नग - सूट + भाडे

दोन्ही ओळी पायथॉन या संगणकाच्या भाषेतल्या आहेत. मधली चांदणी म्हणजे गुणिले. पायथॉनच्या सध्याच्या आवृत्तीत चलांना अशी मराठी नावं देता येतात, अंक मात्र इंग्रजीच टाकावे लागतात. (या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून मी अंकही मराठीच ठेवले आहेत.) संगणकाला यातली कोणतीही ओळ द्या, उत्तर एकच येईल. पहिलीत एकही रिकामी जागा नाही, दुसरीत आहे, पण मशीनला त्याचं काही देणंघेणं नाही.

मग दुसरी ओळ वाचताना आपल्या डोळ्यांना हायसं का वाटतं? किंमत आणि नग एकत्र आहेत, सूट वेगळी वजा होते, भाडं वेगळं मिळवलं जातं, हे न सांगता कसं कळतं?

मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. डी.एड. झालेली आहे, इंजिनियर नाही. कल्याणला राहते, शाळा डोंबिवलीत. आमच्या भागातल्या प्रत्येक दुसऱ्या इमारतीत कोणी ना कोणी ठाण्याहून गाडी बदलून ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत जातं. त्यामुळे पालकसभेत हल्ली शुद्धलेखनाच्या आधी ‘कोडिंग कधी सुरू करणार?’ हा प्रश्न येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचे उपक्रम सहावीपासूनच्या टप्प्यात सुचवले आहेत, पण पालकांना पाचवीपर्यंतही थांबवत नाही. म्हणून मी स्वतः थोडं पायथॉन शिकले. शिकताना जे सापडलं ते कोडिंगपेक्षा आपल्या वह्यांबद्दल जास्त आहे, म्हणून हा लेख.

नियम काय आहे?

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, तुलना, ‘बरोबर’ अशा क्रिया दाखवणाऱ्या चिन्हांना संगणकाच्या भाषेत ऑपरेटर म्हणतात. आपण त्यांना क्रियाचिन्हं म्हणू. पायथॉन लिहिणाऱ्यांसाठी २००१ साली एक लेखनाची नियमावली तयार झाली, तिचं नाव पेप ८. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी इतरांबरोबर ती लिहिली. आपल्याकडे शुद्धलेखनाचे नियम असतात तशीच ती आहे. नियम मोडला तर प्रोग्राम बंद पडत नाही, पण चार जाणती माणसं नाक मुरडतात.

त्यातला क्रियाचिन्हांचा नियम थोडक्यात असा. दोन गोष्टींच्या मध्ये येणाऱ्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा सोडा. एकच, दोन-तीन नाही. आणि ओळीत लहानमोठ्या क्रिया एकत्र आल्या, तर जी क्रिया शेवटी होणार तिच्याभोवती जागा ठेवा; जी आधी होणार ती चिकटून लिहिली तरी चालेल. म्हणजे असं:

क = क*२ - १

आधी गुणाकार, तो घट्ट. मग वजाबाकी, ती मोकळी. सगळ्यात शेवटी ‘=’, तेही मोकळं.

एका विद्यार्थ्याचे बाबा ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांनी सांगितलं, “बाई, आमच्याकडे नवीन मुलाचा कोड आधी दुसरा कोणीतरी वाचतो. चालतोय की नाही हे नंतर. वाचता येतोय का, हे आधी.” पेप ८ च्या मुळाशीही हाच विचार आहे: कोड एकदा लिहिला जातो, वाचला मात्र अनेकदा जातो.

आता सांगा, हे वाक्य गणिताच्या वहीला लागू होत नाही का? मूल एकदा लिहितं. मग ते स्वतः पडताळतं, शेजारचा बघतो, आपण तपासतो, आईबाबा बघतात.

मराठीच्या तासाला हे आपण आधीच शिकवतो

हा नियम मुलांना ‘स्पेस दे’ एवढंच सांगून कळत नाही. कारण प्रत्येक ठिकाणी जागा द्यायची नसते. मग कुठे द्यायची आणि कुठे नाही? मी मराठीच्या व्याकरणाकडून गेले आणि मुलांना पटकन समजलं. तीन गट केले.

पहिला गट उभयान्वयी अव्ययाचा. ‘भाकरी आणि भाजी’ यात ‘आणि’ दोघांना जोडतो, पण स्वतः मध्ये सुटा उभा राहतो. ‘भाकरीआणिभाजी’ असं कुणी लिहीत नाही. ८ - ५ मधलं वजाचं चिन्ह या गटातलं. ते आठ आणि पाच यांच्या मध्ये उभं आहे, दोघांपैकी कुणा एकाचं नाही. म्हणून दोन्ही बाजूंना सारखी जागा.

दुसरा गट शब्दयोगी अव्ययाचा. ‘झाडाखाली’ हा शब्द ‘झाडा खाली’ असा तोडला की आपण लाल शाईने गोल करतो. ‘खाली’ हा त्या झाडाला चिकटूनच यायला हवा. उणे पाच म्हणजे -५ मधली रेघ या गटातली. ती फक्त त्या पाचाची आहे. ‘- ५’ असं तोडून लिहिलं तर वाचणारा आधी मागे बघतो, की कशातून वजा करायचं? सहावीत पूर्णांक संख्या येतात तेव्हा अडखळणारी बरीच मुलं मला इथेच अडखळताना दिसतात. ८ - -५ यात दोन रेघा दिसतात. एक ‘आणि’सारखी सुटी, दुसरी ‘खाली’सारखी चिकटलेली. जागा बरोबर सोडली तर हे दिसतं. सगळं खेटून ‘८--५’ लिहिलं, तर मूल दोन रेघांचा मिळून भलताच अर्थ लावतं. (वहीत आपण तिथे कंस घालतो, ते उत्तमच.)

तिसरा गट जोडाक्षराचा. संगणकात ‘पेक्षा मोठं किंवा तेवढंच’ यासाठी >= असं दोन खुणांचं एक चिन्ह टाकतात. त्याच्या मध्ये जागा सोडली, की पायथॉन चूक दाखवून थांबतो. इथे मात्र तो आपला नखरा खपवून घेत नाही. ‘क्ष’ मधले क आणि ष सुटे केले तर तो क्ष राहतो का? तसंच.

सुटं उभं राहणारं, चिकटून येणारं आणि कधीच न तुटणारं, असे तीन गट. पाचवीच्या मुलाला एवढं पुरतं.

गंमत म्हणजे ही छोटी आडवी रेघ आपल्याकडे आणखी एक काम करते. आमच्याच महानगरपालिकेचं नाव बघा: कल्याण-डोंबिवली. इथे रेघ आहे, पण कल्याणमधून डोंबिवली कुणी वजा करत नाही! ते संयोगचिन्ह, म्हणून दोन्हीकडे चिकटलेलं. कळफलकावर संयोगचिन्ह, उणे आणि वजा या तिघांसाठी एकच कळ वापरतात. तिघं ओळखायचे कसे? मागचापुढचा मजकूर आणि आजूबाजूची जागा, याशिवाय दुसरी खूण नाही. वर्गात हे नाव फळ्यावर लिहून विचारा, मुलं खूप हसतात आणि विसरत नाहीत.

शब्दांतल्या जागेची उदाहरणं तर मुलंच आणून देतात. ‘कारभारी’ आणि ‘कार भारी’. ‘आजकाल’ आणि ‘आज, काल’. अक्षरं तीच, जागा बदलली की अर्थ बदलला.

जागा सोडणं ही सवय नवीन आहे

आपल्याला वाटतं शब्दांत जागा सोडणं म्हणजे श्वास घेण्याइतकं नैसर्गिक. तसं नाही. मोडी लिपीतले जुने कागद बघा. मोडीत लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढायचा आणि मग अक्षरं तिला टांगत जायचा. शब्दाशब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती, विरामचिन्हंही नव्हती. भरभर लिहिणाऱ्या कारकुनासाठी ते सोयीचं होतं. वाचणाऱ्याला मात्र शब्द कुठे तोडायचा ते संदर्भावरून ठरवावं लागायचं, आजही मोडी शिकणाऱ्याचा घाम तिथेच निघतो. छपाई आणि शाळा आल्या, वाचणारे वाढले, तशी वाचणाऱ्याची सोय बघावी लागली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० च्या सुमारास मराठीसाठी विरामचिन्हांची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. आज आपण स्वल्पविराम चुकला म्हणून अर्धा गुण कापतो, ती रीत अशी अलीकडची आहे.

गणितातही तेच. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण गावात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ उभारल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणित’ ग्रंथाच्या पद्धतीत बेरजेला वेगळं चिन्ह नव्हतं. ‘या ५ रू ३’ असं शेजारी शेजारी लिहिलं, की ते मिळवायचं. ‘या’ म्हणजे अज्ञात राशी, ‘रू’ म्हणजे नुसती संख्या. ऋण संख्या असेल तर डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक मांडायच्या. म्हणजे जागाच चिन्हाचं काम करत होती.

आणि आज? आज बीजगणितात ५क असं शेजारी चिकटवलं की गुणाकार होतो. पण पूर्णांकयुक्त अपूर्णांकात दोन आणि त्याच्या शेजारी एक छेद दोन लिहिलं की बेरीज होते, म्हणजे अडीच. पाचवीतलं मूल या दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी उभं असतं. शेजारी ठेवणं म्हणजे कधी मिळवणं, कधी गुणणं, आणि ४५ मध्ये तर दशक-एकक! एवढं सगळं त्या बिचाऱ्या रिकाम्या जागेवर अवलंबून आहे, हे आपण मोठ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवणाऱ्यांना एक खास विनंती. वहीत अपूर्णांक उभा लिहितात, मोबाइलवर तो आडवा होतो. ‘२ १/२’ म्हणजे अडीच आणि ‘२१/२’ म्हणजे साडेदहा. एक जागा राहिली, की आठाचा फरक. शाळा बंद असतानाच्या काळात आपण सगळ्यांनीच असे गृहपाठ पाठवले आणि वाचले आहेत. पाठवायच्या आधी एकदा डोळ्यांखालून घालायचं, किंवा सरळ कागदावर लिहून फोटो पाठवायचा.

डोळा नियमाच्या आधी धावतो

आता वर्गात करून बघायचा एक प्रयोग. मुलांना कंचेभागुबेव पाठ आहे (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी), अशा वर्गातच करा. फळ्यावर लिहा:

२+३ × ४

उत्तर पाटीवर लिहायला सांगा. मग ते पुसा, मध्ये दुसरं काहीतरी घ्या आणि थोड्या वेळाने लिहा:

२ + ३×४

माझ्या वर्गात पहिल्या वेळी बऱ्याच पाट्यांवर २० आलं. दुसऱ्या वेळी जवळजवळ सगळ्यांचं १४. उदाहरण तेच आहे! दोन्हीचं बरोबर उत्तर १४. पहिल्यात मी दोन आणि तीन खेटून बसवले, म्हणून डोळ्यांनी त्यांची जोडी लावून टाकली. नियम पाठ होता, पण डोळा त्याच्या आधी पोचला.

हे फक्त लहान मुलांचं होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डेव्हिड लँडी आणि रॉबर्ट गोल्डस्टोन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशीच समीकरणं दाखवली होती. काहींत जागा नियमाला धरून होती, काहींत नियमाच्या उलट. उलट जागा असलेल्या समीकरणांत चुका वाढल्या. गुणाकार आधी करायचा हे त्या विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

आणखी एक उदाहरण घ्या: १० - ४+३. कंचेभागुबेवमध्ये ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, वर चार आणि तीन खेटलेले. मूल सात करतं आणि दहातून वजा करून ३ सांगतं. खरं तर बेरीज आणि वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून जायचं, उत्तर ९. इथे पाठांतर आणि जागा दोघांनी मिळून मुलाला फसवलं. १० - ४ + ३ असं समान अंतर ठेवून लिहिलं तर निम्मी फसवणूक टळते. उरलेली निम्मी आपण समजावायची.

यातून दोन गोष्टी निघतात, दोन्ही मुलांना सांगायला हव्यात. एक, जागा उत्तर ठरवत नाही, उत्तर नियम ठरवतो. परीक्षेत कुणी मुद्दाम फसवी जागा सोडली तरी नियमानेच जायचं. दोन, आपण लिहिताना मात्र जागा नियमाशी जुळेल अशीच सोडायची, म्हणजे वाचणारा फसणार नाही. पहिली गोष्ट वाचणाऱ्याने सांभाळायची, दुसरी लिहिणाऱ्याने. वर्गात प्रत्येक मूल दोन्ही भूमिका करतं.

मशीनलाही जागेचं काहीच पडलेलं नसतं असं नाही बरं का. सी ही प्रसिद्ध भाषा नवीन होती तेव्हा ‘क=-१०’ या ओळीचे दोन अर्थ निघू शकत होते. लिहिणाऱ्याच्या मनात ‘क ची किंमत उणे दहा’, आणि मशीन समजणार ‘क मधून दहा वजा कर’. जागा सोडून ‘क = -१०’ लिहिलं तर ठीक, नाहीतर गोंधळ. शेवटी १९७६ मध्ये ते चिन्हच उलटं करून -= असं केलं गेलं, आणि आजही ते तसंच आहे. आकडेवारीसाठी वापरतात त्या आर भाषेत तर अजून गंमत आहे. ‘क<-५’ असं खेटून लिहिलं की क मध्ये पाच जाऊन बसतात. ‘क < -५’ असं लिहिलं की ‘क उणे पाचापेक्षा लहान आहे का?’ असा प्रश्न होतो.

काही पालक म्हणतील, आता तर कोड आपोआप नीट करून देणारी साधनं आहेत. आहेतच. गो या भाषेबरोबर मिळणारं तसलं साधन तर गुणाकार घट्ट आणि बेरीज मोकळी असं स्वतःच मांडून देतं. पण पाचवीच्या वहीला असं साधन नाही. तिथे हात, पेन्सिल आणि सवय एवढंच आहे.

पण वहीत जागा असते का?

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती. बोलायला चुणचुणीत, पाढे तोंडपाठ, तोंडी हिशेबात पुढे. लेखी गणितात मात्र दहापैकी तीन-चार. शिकवणीत तिला ‘गणितात कच्ची’ म्हणून मागे बसवत होते, आणि तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तिची वही म्हणजे मुंग्यांची रांग. एका ओळीत दोन ओळी, समासातही गणितं. आपल्या मराठी अंकांत चारचा आकडा आणि गुणिलेचं चिन्ह सख्खे भाऊ, हे तुम्हाला माहीत आहे. ४ × ४ - ४ हे उदाहरण तिने ४×४-४ असं इतकं खेटून, इतकं बारीक उतरवलं होतं, की खालच्या ओळीत तिने स्वतःच ते ४४४-४ असं वाचलं आणि उत्तर लिहिलं ४४०. नीट बघा. वजाबाकी शंभर टक्के बरोबर! चुकलं ते स्वतःचं अक्षर वाचताना. मी तिला तेच उदाहरण फळ्यावर मोकळं लिहायला लावलं. खडू ठेवायच्या आत १२ सांगून मोकळी झाली.

मग एवढं खेटून का लिहितेस? ती काही बोलली नाही. आई शाळेत आली तेव्हा कळलं. आई चार घरी धुणंभांडी करते. ती म्हणाली, “बाई, मीच सांगितलंय तिला, वही दिवाळीपर्यंत पुरवायची.” त्यात आईचं काय चुकलं? पोरीने शब्द पाळला होता. जागा सोडणं तिच्या घरात उधळपट्टी होती.

रिकाम्या जागेला पैसे पडतात, ही गोष्ट संगणकाच्या पडद्यावर लक्षात येत नाही. तिथे कळ दाबली की जागा मिळते, फुकट. वहीत ती कागदाची असते. वह्यांचा खर्च ही खरी अडचण आहे, म्हणूनच आपल्या राज्यात २०२३-२४ मध्ये बालभारतीच्या पुस्तकांतच लिहायला कोरी पानं जोडण्याचा प्रयोग झाला होता. पुढे तो थांबला. अडचण आहे तिथेच आहे.

म्हणून ‘जागा सोड’ असं मुलाला सांगण्याआधी त्याला जागा मिळेल हे बघणं आपलं काम आहे. मी त्या ऐरोलीवाल्या बाबांना विचारलं. त्यांनी ऑफिसातले आणि सोसायटीतले पाठकोरे कागद गोळा करून आणले, अर्थात ज्यावर कुणाची खाजगी माहिती नाही असे. आम्ही ते मधोमध दुमडून जाड दोऱ्याने शिवले. वर्गात कपाटावर तो गठ्ठा असतो. कच्चं काम, सराव, फसलेली उदाहरणं, सगळं त्या पाठकोऱ्या वहीत, वाट्टेल तेवढं मोकळं. सगळ्या मुलांसाठी, म्हणजे कुणालाच आपण वेगळे वाटत नाही. त्या मुलीच्या चुका दोन महिन्यांत सगळ्या संपल्या असं मी म्हणणार नाही, पण ती मागच्या बाकावरून पुढे आली. शिकवणीत सांगायला आई स्वतः गेली: “पोरीला येतं. फक्त दाटीवाटीने लिहीत होती.”

वर्गात आणि घरी काय करता येईल?

आमच्या वर्गात चाललेले काही उपक्रम देते. खर्च जवळजवळ नाही.

१. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच अंक किंवा एकच चिन्ह. चिन्हाला स्वतःची चौकट मिळाली, की जागा आपोआप सुटते. नंतर एकेरी वहीवर येताना ‘चिन्हाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या टोकाएवढी जागा’ असं माप द्यायचं. करंगळी ठेवायला सांगू नका, ती फार मोठी होते आणि ‘५        +        ३’ असं लांबलचक गणित तयार होतं. फार जागा म्हणजेही जोडी तुटणं.

२. गणिताचं श्रुतलेखन. ‘दोन... अधिक... तीनगुणिलेचार’ असं बोला. जिथे थांबलात तिथे जागा, जिथे सलग बोललात तिथे घट्ट. मग मुलांना आपापलं लिहिलेलं तसंच वाचून दाखवायला लावा. जागा म्हणजे कागदावरचं थांबणं, हे कानाने कळतं.

३. एकाच्या वहीतलं उदाहरण दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. उत्तर तपासायचं नाही, फक्त वाचायचं. वाचणारा अडखळला, तर लिहिणाऱ्याने ते पुन्हा मोकळं लिहायचं. ऐरोलीच्या कंपनीत पगार देऊन चालतं ते काम आमच्या वर्गात दहा मिनिटांत होतं.

४. ओळ संपली आणि गणित उरलं, तर क्रियाचिन्ह पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न्यायचं, आणि ‘=’ एकाखाली एक. पेप ८ मध्येही नवीन कोडसाठी चिन्हाच्या आधी ओळ तोडायला सुचवलं आहे. वाचणाऱ्याला ओळ सुरू होतानाच कळतं की पुढे काय करायचं.

५. ‘तीन गट’ खेळ. चिठ्ठ्यांवर ८ - ५, -५, >=, कल्याण-डोंबिवली, झाडाखाली, मीठ आणि साखर असं लिहा. मुलांनी सुटे, चिकटलेले आणि न तुटणारे असे ढीग करायचे. कल्याण-डोंबिवली कुठे ठेवायचं यावर भांडण होतं. होऊ द्या.

६. तपासताना उत्तर चुकलं तर लगेच फुली नको. आधी मुलाला उदाहरण वाचायला सांगा. वाचन चुकलं की गणित चुकलं, हे वेगळं काढा. दोन्हींवर औषध वेगळं आहे.

पालकांना शेवटी एवढंच सांगते. कोडिंगच्या क्लासची फी भरण्याआधी मुलाची गणिताची वही उघडा आणि त्याला कालचं एक उदाहरण वाचून दाखवायला सांगा. त्याला स्वतःचं लिहिलेलं न अडखळता वाचता आलं, तर पुढे पायथॉन शिकायची अर्धी तयारी झालेली आहे. अडखळलं तर रागावू नका. शेजारी बसा, तेच उदाहरण एका पाठकोऱ्या कागदावर मोकळं करून लिहायला लावा. आणि ‘कागद वाया घालवू नकोस’ हे वाक्य गणितापुरतं तरी बाजूला ठेवा. ती जागा वाया जात नसते.

तुमच्या वर्गात हे करून बघितलंत, तर मुलं कुठे अडली ते मला नक्की कळवा. विशेषतः उणे आणि वजा यांचा घोळ सोडवायची तुमची काही वेगळी युक्ती असेल, तर मला हवी आहे.